चौपटीची युक्ती

श्रोतेहो, कागद-पेन्सिल घ्या. २ एक्स वर्ग अधिक ५ एक्स बरोबर ३. दहावीतली मुलं इथे अवयव पाडत बसतात. श्रीधराचार्यांची युक्ती मला जास्त आवडते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी ‘बीजगणित’ ग्रंथात नोंदवली. एक्स वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ८ने, दोन्ही बाजू गुणा. १६ एक्स वर्ग अधिक ४० एक्स बरोबर २४. आता दोन्हीकडे ५चा वर्ग मिळवा. डावीकडे ‘४ एक्स अधिक ५’चा पूर्ण वर्ग, उजवीकडे ४९. अपूर्णांकांची कटकटच नाही! वर्गमूळ घेताना मात्र उणे ७ विसरू नका. उत्तरं, एक द्वितीयांश आणि उणे ३. उणे ३ मूळ समीकरणात घालून पाहा: १८ वजा १५, बरोबर ३.