गेटबाहेरचे तास

आज पदवी घेतलेल्या मुलामुलींनो,

लॉजिस्टिक्सच्या भविष्यावर बोला, असं मला सांगितलं होतं. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकला आहात. मी आपल्या इथल्या वाळूज औद्योगिक वसाहतीबद्दल बोलतो.

1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्यामागे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. त्याच सुमारास मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागलो. प्रतींच्या मध्ये कार्बन असायचा. सगळ्यात खालच्या प्रतीवरही गाडीनंबर वाचता आला पाहिजे, म्हणून पेन दाबून बोटं दुखायची. मनमाडहून इकडे तेव्हा मीटरगेज. ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला हमालांच्या पाठीवरून लहान वाघिणींत चढायचा. पोती फाटायची, खोकी दबायची. रूळ बदलेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. तोवर व्यापारी ट्रककडे वळले होते. ट्रकच्या वाटेवर जकात नाका. तिथली रांग आठवली की अजून डोकं तापतं.

पुढे जकात गेली. 2017 साली जीएसटी आला, दुसऱ्या वर्षी ई-वे बिल. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, 701 किलोमीटर. वाटेतले तास वाचले. ते गेले कुठे? कारखान्याच्या गेटवर.

एका कारखान्याचं सांगतो, नाव घेत नाही. मे महिना होता. लांबून आलेली आमची गाडी वेळेत पोचली, वजनकाटा झाला, आणि स्टोअरवाले म्हणाले, जागा नाही, उद्या बघू. ड्रायव्हरने गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवला, तर वॉचमन म्हणाला, गाडी पुढे घ्या. संडासला आत सोडेनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल उतरला. वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, ड्रायव्हरच्याच खिशातून गेली. दोन खोकी दबलेली निघाली, म्हणून पोचवर लाल शाईत शेरा आला आणि भाडं कापलं गेलं. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी खोळंबल्याचा, पैसा मिळाला नाही. त्या रात्री तो न झोपताच परतीचं भाडं घेऊन निघाला, कारण हप्ता थांबत नाही. सरळ रस्त्यावर पहाटे झापड येते आणि अपघात झाला की आपण ड्रायव्हरला दोष देतो. ती झोप गेटवर कुणी खाल्ली, हे पंचनाम्यात येत नाही.

2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगायचा. मी तो रस्त्यावर पाळलेला पाहिला नाही. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला 2025 उजाडलं.

आपला भाग या धंद्यात नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नोंद आहे की पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. मालाची यादी आहे, अंतर आहे. गाडीवानाबद्दल एक ओळ नाही. मला याचा राग येतो, कारण आपण अजून तेच करतो.

तुमच्यातले काही ऑरिक या औद्योगिक नगरीत जातील, काही न्हावाशेवा बंदरावर. स्क्रीनवर गाडी हलताना दिसेल. ती थांबली की गेटवर जाऊन बघा. गाडी पोचल्यापासून रिकामी होऊन निघेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा आणि दर महिन्याला साहेबांच्या टेबलावर ठेवा. उशीर आपला असेल, तर हॉल्टिंग मागायची वेळ ड्रायव्हरवर आणू नका. आणि ज्या कंपनीत जाल तिथे पहिल्याच बजेटमध्ये त्याच्यासाठी गेटच्या आत संडास, पिण्याचं पाणी आणि झोपायला खोली मागा. नाही म्हणाले, तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा.