कोठीपासून पानापर्यंत

श्रीसाईबाबा शिर्डीस मशिदीच्या अंगणांत हंडी शिजवीत, त्याचें वर्णन दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या ३८ व्या अध्यायांत आहे. शिधा बाजारांतून स्वतः आणावयाचा आणि मसालाही स्वतःच वाटावयाचा. खरेदी, कोठी आणि चूल एकाच हातीं असल्यावर जमाखर्चाचें कारण उरत नाहीं. आज त्याच शिर्डींत संस्थानचें मोठें प्रसादालय आहे, जागोजाग उपाहारगृहें आहेत. अशा ठिकाणीं धान्य एक घेतो, दुसरा सांभाळतो, तिसरा शिजवितो. हात वाढले कीं हिशेब आला; हल्लीं तो संगणकावर ठेवितात.

या हिशेबांतील मुख्य प्रश्न असा कीं, डाळ खर्ची केव्हां टाकावयाची? सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक पदार्थाचें प्रमाण यंत्रास एकदां सांगून ठेवावयाचें. ताट विकलें कीं तेवढी डाळ शिलकेंतून आपोआप वजा होते. हा मार्ग सोयीचा खरा. पण तो एकटा पुरेसा नाहीं, हें श्रोत्यांस एका काल्पनिक उदाहरणावरून दिसेल.

एका खानावळींत महिन्याच्या आरंभीं तूरडाळ २०० किलो होती, ५०० किलो नवी आली. महिन्यांत ८,७०० ताटें गेलीं. ताटामागें ५० ग्रॅमप्रमाणें ४३५ किलो डाळ खर्चली. शिल्लक २६५ हवी. प्रत्यक्ष वजन केलें तों २५२ च भरली. तूट १३ किलोंची. ती कोठींत झाली कीं चुलीपाशीं? यंत्र मुकें राहतें, आणि संशय बहुधा कोठावळ्यावर जातो.

आतां दुसरा मार्ग. डाळ कोठींतून मुदपाकखान्याकडे निघाली कीं तेव्हांच वजन करून, देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नांवानिशीं नोंद करावयाची. उरून परत आलेली वेगळी जमा. कीड लागून टाकलेली नासाडी म्हणून वेगळी खर्ची. समजा, ४५० किलो दिली, १० परत आली, नासाडी झाली नाहीं. कोठींत २६० हवी, आहे २५२. तेथील तूट ८ किलो. मुदपाकखान्यानें खर्चली ४४०, प्रमाणानें हवी होती ४३५. तेथील जादा खर्च ५ किलो. बेरीज तीच १३. पण आतां जाब कोणास कितीचा विचारावयाचा हें ठरलें. कोठींत उंदीर असतील, किंवा ताटांत डाळ अंमळ जास्त पडत असेल. दोहोंवरचे उपाय निराळे आहेत.

हा विवेक जुनाच आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांतही अंबारखाना आणि मुदपाकखाना निरनिराळे गणलेले आहेत.

अन्नछत्रांत याची निकड अधिक. विनामूल्य वाढलेल्या पानाची विक्री नसते, म्हणून विक्रीवर चालणारी वजाबाकी तेथें होतच नाहीं. भाविकानें दिलेल्या गव्हाच्या पोत्यास बिलही नसतें. ज्या हिशेबाचा आरंभ बिलापासून होतो, त्यास तें पोतें आल्याचें कळत नाहीं. मग गेल्याचें कसें कळणार? म्हणून दान कोठीच्या दारांतच वजनानें जमा झालें पाहिजे, आणि महिनाअखेर यंत्रावरील आंकड्याचा तराजूशीं ताळा घेतला पाहिजे. त्यानें दात्याचें धान्य भुकेल्याच्या पानांत पडल्याची खात्री पटते, आणि निर्दोष कोठावळ्यावर बालंट येत नाहीं.