संमेलनाचे गाणे आणि वेळापत्रकातील तास



डिसेंबर-जानेवारी हे माध्यमिक शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. मांडव पडतो, ध्वनिक्षेपक लागतात, पालक हौसेने येतात आणि दोन-तीन तास गाणी, नाच, नाटुकली यांचा कार्यक्रम रंगतो. हा आनंद कोणी हिरावून घ्यावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु रंगमंचावर कोण उभे आहे आणि समोरच्या सतरंजीवर कोण बसले आहे, एवढे जरी नीट पाहिले, तरी संगीतशिक्षणाचा प्रश्न उलगडू लागतो. रंगमंचावर दरवर्षी बहुधा तीच ती वीस-पंचवीस मुले असतात. त्यांतील गाणारी मुले शाळेबाहेर शुल्क भरून गाणे शिकलेली असतात. नाचणारी मुले ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर, पैसे देऊन आणलेल्या नृत्यशिक्षकाने बसविलेले हातवारे करीत असतात. उरलेली शाळा टाळ्या वाजविते. शाळेने वर्षभर काय शिकविले, हे अशा संमेलनातून कळत नाही. पालकांना काय विकत घेता आले, एवढेच कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रागसंगीताचे शिक्षण मुख्यतः संस्थानिकांच्या दरबारात आणि उस्तादांच्या घरी बंदिस्त होते. ही दारे उघडण्याचे प्रयत्न दोन निरनिराळ्या मार्गांनी झाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली. तिच्यामागे संस्थानची तिजोरी उभी होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये ते मुंबईस आणले. त्यांचा आधार जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर होता. गाणे हे मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींनी उघडपणे शिकावे अशी प्रतिष्ठा त्यांनी त्याला मिळवून दिली. हे कार्य अपूर्व होते. तथापि कर्जाचा बोजा असह्य होऊन मुंबईची इमारत अखेर हातची गेली. बडोद्याची गायनशाळा मात्र पुढे विद्यापीठात सामावली गेली आणि त्या परंपरेतील विद्याशाखा आजही चालू आहे. पलुस्करांची तपश्चर्या कमी पडली, असे कोण म्हणेल? त्यांच्यामागे सार्वजनिक तिजोरी नव्हती, हाच काय तो फरक.

स्वातंत्र्यानंतर ही तिजोरी शाळांसाठी उघडणे अपेक्षित होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले आहे. उद्दिष्टाचा पुनरुच्चार करावा लागतो, यातच ते गाठले न गेल्याची कबुली आहे. पैसा अपुरा पडला की पहिली कात्री कलाविषयांना लागते. २००९ चा शिक्षणहक्क कायदाच पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी निदेशक असावा असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. पण तो अंशकालीन. शंभरांहून कमी मुले असलेल्या खेड्यातील शाळेला तोही नाही. नववी-दहावी तर कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. शिवाय ‘कलाशिक्षण’ या एका शब्दात चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य हे सारे कोंबलेले आहे. एका अंशकालीन माणसाने हे सर्व शिकवावे, ही अपेक्षाच मुळात विपरीत होय.

शिकविण्याची ही तऱ्हा असताना गुण देण्याबाबत मात्र शासनाने मोठे औदार्य दाखविले. शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. हेतू चांगला होता. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, जी विद्या शाळा देत नाही, तिचे पारितोषिक मात्र शाळा देते. ज्या घराला खासगी वर्गाचे शुल्क आणि पेटी-तबला परवडतो, त्या घराला मिळालेले हे अनुदानच झाले. ऊसतोडणी कामगाराच्या मुलीचा गळा कितीही गोड असला, तरी तिच्या गळ्याला परीक्षा-केंद्राचा दाखला नसतो. लोककलांनाही या योजनेत स्थान दिले गेले, हे खरे. पण तेथेही कागद लागतोच. ज्या महाराष्ट्रात सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गावोगाव लोकशिक्षण केले, जेथे शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी शाहिरी गाजविली, तेथे ज्या घरांत गाणे आहे त्यांचीच मुले शाळेच्या सतरंजीवर मुकी बसावीत, ही विसंगती सामान्य नव्हे.

यावर असे म्हटले जाते की, गाणे ही दैवी देणगी आहे. ती सर्वांना शिकविता येत नाही. या समजुतीला उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तेथे पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, समूहगायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. हेतू धार्मिक होता आणि त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु परिणाम पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद कित्येक दशके गोमंतकीय वादकांनी तोलून धरले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक त्याच वातावरणातून आले. गोव्याच्या पाण्यातच संगीत आहे, असे कौतुकाने म्हटले जाते. पाणी निमित्तमात्र, लहानग्या गावातही स्वर वाचायला शिकविणारा शिक्षक होता, हे खरे कारण.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गणित-विज्ञानालाच शिक्षक पुरत नाहीत, तेथे संगीताची चैन कशाला? वस्तुतः प्रयोगशाळा किंवा संगणककक्ष यांच्या तुलनेत संगीताला भांडवल फारच थोडे लागते. गळा प्रत्येक मुलापाशी आहे. एक पेटी, एक तबला-डग्गा आणि काही टाळ-झांजा यांवर वर्षानुवर्षे काम चालते. प्रश्न केवळ शिक्षकाच्या वेतनाचा उरतो आणि त्याचा हिशेब कठीण नाही. एका शिक्षकाने आठवड्यास तीस तास घ्यावेत आणि प्रत्येक तुकडीला दोन तास मिळावेत असे धरले, तर एक शिक्षक पंधरा तुकड्या सांभाळतो. आठवी ते दहावीची एकेकच तुकडी असलेल्या पाच लहान शाळांना मिळून एक पूर्णवेळ शिक्षक पुरतो. शेजारच्या शाळांनी साधने वाटून घ्यावीत, ही शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने मांडलेलीच आहे. नवे धोरणही तिचा पुरस्कार करते. तिची अंमलबजावणी लहान शाळा बंद करण्याचे निमित्त म्हणून न होता, त्यांना शिक्षक पुरविण्यासाठी झाली पाहिजे.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात प्रत्येक तुकडीला आठवड्याचे दोन तास संगीत असावे आणि परीक्षा जवळ आल्या म्हणून ते तास इतर विषयांना देऊन टाकू नयेत. शिक्षक पूर्णवेळ आणि पूर्ण वेतनावर असावा. त्या भागातील शाहीर, भारूडकार, गोंधळी यांना मानधन देऊन वर्गात बोलवावे आणि त्यांच्याकडून शिकलेले गाणे मूल्यमापनात धरावे. स्नेहसंमेलनातील निम्मा वेळ संपूर्ण वर्गाने मिळून गायिलेल्या गीतांना राखून ठेवावा व त्यांना साथ मुलांचीच असावी. सूर थोडा हलला, ताल थोडा चुकला, तरी बिघडणार नाही. शिकणाऱ्यांचे गाणे असेच असते. निवडक गुणवंतांनी जरूर पुढे यावे, पण इतरांच्या मौनाच्या मोलाने नव्हे.

शिक्षक-संघटना, पालक-शिक्षक संघ आणि जिल्हा परिषदांतील लोकप्रतिनिधी यांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. भाकरीच्या प्रश्नापुढे गाण्याचा प्रश्न गौण आहे, असे मानण्याची चूक चळवळीतील माणसांनी तरी करू नये. ज्यांना भाकरीसाठी झगडावे लागले, त्यांनीच या महाराष्ट्राला सर्वांत जोमदार गाणी दिली आहेत. त्यांच्या नातवंडांना शाळेत एक तास मिळावा, एवढेच मागणे आहे.