सागवानी तुळईस पोलादाची जोड



मुंबईच्या काळबादेवी-भुलेश्वर परिसरात १ सप्टेंबर १९४० पूर्वी उभ्या राहिलेल्या, म्हणजेच ‘अ’ वर्गातील उपकरप्राप्त इमारती अनेक आहेत. त्यांतील पुष्कळांचा सांगाडा लाकडी आहे. खाली पेढी, मध्ये कापडाच्या गाठी आणि वर बिऱ्हाडे, अशी कित्येकींची मांडणी. गाठी वर्षानुवर्षे एकाच खणात रचलेल्या असतात. लाकडाचा धर्म असा की, अखंड भाराखाली ते हळूहळू वाकत जाते. तथापि वाकलेली प्रत्येक तुळई टाकाऊ नसते.

पोलादाचा ताठपणा सागवानाच्या सुमारे अठरा ते वीस पट असतो. दोहोंना एकत्र जखडले की भार ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. सहा इंच रुंद तुळईच्या दोन्ही अंगांस तिच्याच उंचीच्या, प्रत्येकी पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या बोल्टांनी आवळल्या, तर नव्याने येणाऱ्या भारापैकी निम्म्याहून अधिक भार त्या पट्ट्या उचलतात. पट्टी उभीच हवी. ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो.

‘नव्याने येणारा भार’ हे शब्द ध्यानात घ्यावयाचे आहेत. तुळईवर आधीपासून असलेले ओझे पट्टी लावल्याने पट्टीवर जात नाही. त्यासाठी प्रथम गाठी हलवाव्या लागतात, खालून टेकू द्यावे लागतात, जॅकने तुळई अगदी सावकाश उचलावी लागते आणि मगच बोल्ट आवळायचे. नेमके हेच टाळले जाते, कारण पेढी काही दिवस बंद ठेवावी लागते. रंगविलेले लोखंड पाहून मालकास धीर येतो, तुळईस नव्हे.

खरे दुखणे बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी असते. तेथे ओल मुरते, लाकूड कुजते, वाळवी लागते. भिंतीपाशी थांबलेली पट्टी अशा टोकास काहीच साह्य करीत नाही. पोलाद स्वतः भिंतीतील दगडी बैठकीवर किंवा स्वतंत्र खांबावर टेकले पाहिजे. गळती मात्र आधी थांबवावी, अन्यथा पोलादही गंजते.

बोल्टांची भोके तुळईच्या वरच्या व खालच्या कडांपासून दूर, एकाआड एक वरखाली पाडावीत. पट्ट्यांची जाडी आणि बोल्टांची संख्या सुताराने अंदाजे ठरवू नये. ते काम संरचना अभियंत्याचे, आणि त्यास गाठींचे खरे वजन सांगावे. लाकूड सुकून आकसते, म्हणून काही महिन्यांनी बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.