उन्हाची वीज : भाव उतरला, मग बिल का उतरत नाही?

पारावर हा प्रश्न हटकून निघतो. सौर वीज स्वस्त झाली म्हणतात, मग घरचं बिल का उतरत नाही? चला, हिशेब मांडू.

5 अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण 4 युनिट वीज घेतो. 5 तास चालला की 20 युनिट. डिसेंबर 2010 च्या लिलावात सौर विजेचा भाव युनिटला सुमारे 11 ते पावणेतेरा रुपये निघाला होता. त्या भावाने 20 युनिटचे 220 ते 255 रुपये होतात. मे 2017 मध्ये राजस्थानात भडला इथे भाव 2 रुपये 44 पैशांवर आला. तेच 20 युनिट 49 रुपयांना!

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प लहान, उपकेंद्राजवळचे. त्यांचा भाव 3 रुपयांच्या आसपास. राजस्थानपेक्षा जास्त दिसतो खरा. पण ही वीज जवळच्याच शिवारात वापरली जाते, त्यामुळे लांबच्या तारांचा खर्च आणि गळती वाचते.

आता बिलाकडे वळू. वर सांगितलेला भाव हा बांधावरचा. कांदा बांधावरून निघाला की हमाली, वाहतूक, घट चढते, तसंच विजेवर तारा, रोहित्रं आणि गळतीचा खर्च चढतो. शिवाय दिवेलागणीला मागणी वाढते अन् सूर्य तर मावळलेला! तेव्हा कोळशाची, धरणाची वीज घ्यावी लागते. म्हणून सौर विजेचा भाव पाचव्या हिश्श्यावर आला, तरी बिल तेवढं उतरत नाही.

एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकार भरतं. ही योजना मार्च 2029 पर्यंतची आहे. वीज फुकट झालेली नाही, पैसे सरकारी तिजोरीतून जातात, एवढंच.

तेव्हा दोन गोष्टी करा. आपली वाहिनी सौर योजनेत आहे का, हे वीज कार्यालयात विचारा. दिवसा वीज मिळत असेल तर रातपाळीचं पाणी बंद करा. साप आणि बिबट्याच्या भीतीतून सुटाल. दुसरं, बिल येत नाही म्हणून मोटर उगीच चालू ठेवू नका. विजेचे पैसे दुसरा भरेल, पण विहिरीतलं पाणी कोण भरणार?