तीन वार म्हणण्याआधी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात लिलावाच्या जाहीर सूचना असतात. बहुतेक लोक त्या ओलांडून पुढे जातात. मी पेपर हातात घेतला की आधी तिथेच वळतो. 'निर्लेखित साहित्याची विक्री', 'जसे आहे जेथे आहे तत्त्वावर', 'अनामत रक्कम अमुक'. मोडकी टेबलं, पंखे, लोखंडी कपाटं, बंद पडलेला जनरेटर आणि मधेच कुठेतरी एक ओळ : 'लॉन मोअर, नग दोन'.

गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. क्लब, महाविद्यालयं, कारखाने, मोठ्या वसाहती यांच्याकडे हिरवळ असते, तिच्यासाठी यंत्रं घेतली जातात आणि काही वर्षांनी ती हिशेबातून काढून टाकतात. दुसऱ्याच्या यंत्रावर राबणाऱ्या माळ्याला स्वतःची कामं धरायची असतील, तर त्या एका ओळीवर त्याची पुढची पाच वर्षं अवलंबून असू शकतात. नवं यंत्र त्याच्या आवाक्यात नसतं. जुनं चुकीचं घेतलं, तर बचत गटाचं कर्ज तेवढं उरतं.

जुनं म्हणजे कालबाह्य, अशी समजूत असते. या यंत्रांच्या बाबतीत ती खरी नाही. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली या यंत्राचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं यंत्र त्याने पाहिलं होतं, तीच युक्ती त्याने गवताला लावली. पीळदार पात्यांचा फिरता दंडगोल आणि त्याखाली एक स्थिर पातं, कात्रीसारखं. आजचं सिलिंडर मोअर मुळात तेच आहे. त्यामुळे वीस वर्षांचं यंत्र चांगलं राखलेलं असेल, तर ते गवत नव्यासारखंच कापतं. प्रश्न वयाचा नाही, कोणी कसं वापरलं याचा आहे.

म्हणून लिलावाच्या दिवशी नव्हे, तर पाहणीच्या दिवशी जायचं. सूचनेत ती तारीख दिलेली असते आणि लोक नेमकी तीच चुकवतात. सोबत एक कागदाची पट्टी, एक पाना आणि एक जुनं फडकं असलं की पुरे. यंत्र सुरू करून बघायला बहुधा देत नाहीत, पण त्याने फारसं अडत नाही. आधी प्लगची वायर काढायची. सिलिंडर मोअर असेल, तर दंडगोल आणि खालचं पातं यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दंडगोल हळूहळू हाताने फिरवायचा, बोटं लांब ठेवून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला, तर पाती सरळ आहेत. सगळीकडेच सारखा चुरगळला, तर बहुधा धार लावून किंवा पातं जुळवून काम भागतं. एका बाजूला कापतो आणि दुसऱ्या बाजूला चुरगळतो, तर मात्र एखादं पातं वाकलंय किंवा बेअरिंग गेलंय असं समजावं.

आडवं पातं गरगर फिरणारं रोटरी यंत्र असेल, तर खरी भीती दगडाची. पातं दगडावर आपटलं की इंजिनाचा मुख्य दांडा वाकू शकतो. प्लग काढून दोरी सावकाश ओढायला दुसऱ्या कोणाला सांगा आणि तुम्ही लांबून पात्याच्या मधोमध बघा. दांड्याचं टोक डुगडुगत असेल, तर ते यंत्र फुकटसुद्धा महाग. तेलाची कांडी काढून फडक्याला पुसा. तेल काळं असलं तर हरकत नाही, दुधाळ असलं तर आत पाणी शिरलंय. खांद्याला अडकवायचा ब्रश कटर टू-स्ट्रोक असला, तर त्याला तेलाची कांडीच नसते, तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. कोणीतरी घाईत नुसतंच पेट्रोल भरून चालवलेलं असेल, तर पिस्टनवर ओरखडे उमटतात. सायलेन्सर उघडू दिला, तर ते डोळ्यांनी दिसतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते. यंत्र ज्या खोलीत ठेवलंय, ती खोली बघा. पाने भिंतीला टांगलेले आहेत का, पात्यांना तेलाचा हात फिरवलाय का, जुनी हवा-गाळणी धुऊन ठेवलीय की तिच्यात उंदरांनी घर केलंय? तिथल्या माळ्याशी चार शब्द बोला. अधिकाऱ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं आणि विचारलं तर तो सांगतो.

आता बोलीकडे वळू. लिलाव हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. व्यवहाराचा कायदा मात्र १९३० सालच्या माल विक्री अधिनियमात आहे. हातोडा पडला किंवा तीन वार झाले की विक्री पुरी होते. त्याआधी बोली मागे घेता येते, असं कायदा म्हणतो, पण लिलावाच्या अटींमध्ये अनामत जप्त करण्याचं कलम बहुधा असतंच, तेव्हा अटी आधी वाचाव्यात. विकणाऱ्याने तसा हक्क राखून न ठेवता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी भाव चढवला, तर घेणारा ती विक्री फसवणुकीची मानू शकतो. 'जसे आहे जेथे आहे' याचा अर्थ सरळ आहे : घरी गेल्यावर तक्रार ऐकायला कोणी नाही. हल्ली बरंच सरकारी साहित्य एमएसटीसी या १९६४ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकलं जातं. तिथे हातोड्याच्या जागी संगणकाचं घड्याळ आहे, एवढंच.

तुमच्यासमोर बोली लावणारे बहुतेक भंगारवाले असतात. त्यांना मी दोष देत नाही, ते किलोच्या भावाने मोजतात. लोखंड किती, ॲल्युमिनियम किती, वाहतूक किती. त्यांचा आकडा तिथे थांबतो. तुम्ही त्याच यंत्राकडून चार वर्षं काम घेणार असता, म्हणून तुम्हाला थोडं पुढे जाणं परवडतं. एकेका यंत्राचा वेगळा लॉट असेल, तर हा फायदा तुमचा. कपाटं, पंखे आणि मोअर एकाच लॉटमध्ये बांधलेले असतील, तर सरळ भंगारवाल्याशीच आधी बोलून घ्यावं : लॉट तुम्ही घ्या, यंत्र मला द्या.

आमच्या भागातला एक माळी गेल्या वर्षी माझ्याबरोबर अशाच एका लिलावाला आला होता. गाठीला अठरा हजार, त्यातले दहा बचत गटाचे. त्याचा जीव इंजिनवाल्या मोठ्या यंत्रावर बसला होता. आम्ही आदल्या दिवशी बसून उलटा हिशेब केला. सुटे भाग, टेम्पो, कर, पहिल्या महिन्याचं पेट्रोल हे सगळं अठरामधून वजा केलं. उरले साडेअकरा. तो आकडा त्याने चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. बोली अकरापर्यंत गेली, साडेअकरा झाली, समोरून बारा आले. त्याचा हात उठलेला मी पाहिला. मग त्याने तो खिशाकडे नेला आणि खाली घेतला. यंत्र दुसऱ्याला गेलं.

पुढच्या लॉटमध्ये हाताने ढकलायचं सोळा इंची सिलिंडर मोअर होतं, इंजिन नसलेलं. ते कोणालाच नको होतं. कागदाच्या चाचणीत ते सगळीकडे सारखं चुरगळत होतं. भंगाराच्या भावाहून शंभर-दीडशे जास्त देऊन त्याला ते मिळालं. दंडगोलाला कार्बोरंडमची पेस्ट लावून तो उलटा फिरवला, अर्ध्या दिवसात धार आली. आज तीन बंगल्यांची हिरवळ तो त्यावर सांभाळतो. सकाळी सहाला कापलं तरी शेजारचे तक्रार करत नाहीत, कारण आवाजच नाही. बचत गटाचे दहा त्याने दुसऱ्याच आठवड्यात परत केले.

इंजिनवालं यंत्र घेतलंत, तर मात्र ते घरी आणल्याबरोबर दोरी ओढू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरचं बारीक छिद्र चोंदतं. कार्ब्युरेटर उघडून धुवा, रबराच्या नळ्या बदला, नवा प्लग बसवा. मगच दोरीला हात लावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)