हमालाची दिनचर्या



आयुर्वेदावर बोलण्यासाठी कामगार संघटनेचा माणूस कशाला बोलावला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी वैद्य नव्हे. नाडी मला कळत नाही, संस्कृत येत नाही, आणि शाळा सातवीनंतर सुटली ती सुटलीच. पण वाचनालयात गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ हाती लागला आणि तो मी पुष्कळ रात्री जागून वाचला. (रात्री जागू नये, हेही त्यातच लिहिले आहे.) वाचताना डोळ्यांपुढे सारखा आपल्या परभणीच्या मोंढ्यातला हमाल उभा राही. त्याच्या बाजूने वाग्भट वाचला तर काय दिसते, एवढेच मी आज सांगणार आहे.

आयुर्वेद म्हणजे चूर्ण, काढा आणि अवलेहाची बरणी, अशी समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. ‘अष्टांगहृदया’त मात्र औषधांची पाळी पुष्कळ उशिरा येते. सूत्रस्थानाचा दुसराच अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा, आणि चौथा रोग मुळी होऊच नयेत म्हणून काय करावे याचा. उठावे कधी, खावे काय, कष्ट किती करावे, निजावे कधी, हे आधी, काढा मागाहून.

आता या दिनचर्येतला माणूस कसा आहे पाहा. तो ब्राह्ममुहूर्ती उठतो, दात घासतो, डोळ्यांत अंजन घालतो, अंगाला तेल लावतो, बेताचा व्यायाम करतो, उटणे लावून स्नान करतो. उन्हाळा आला की दाट झाडीच्या बागेत आणि कारंज्याच्या घरात पडून राहतो, अंगाला चंदन लावतो. हे मी आमच्या मंडळींना वाचून दाखविले तेव्हा मोठा हशा पिकला. एक जण म्हणाला, “ब्राह्ममुहूर्ती तर आपणही उठतो, भाजीची गाडी उतरवायला!”

हसण्यावारी नेले तरी गोष्ट खरी आहे. या माणसाचा दिवस त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे. दिनचर्येची ती पहिली अट, आणि ती ग्रंथात लिहिलेली नाही, कारण लिहायची गरज वाटली नसावी. ज्याचा दिवस मुकादमाने, आडत्याने किंवा गाडीच्या वेळेने बांधलेला आहे, त्याने काय करावे?

इथवर वाचून मी पुस्तक मिटणार होतो. पण सातव्या अध्यायात निद्रेचे नियम आले आणि मी चमकलो. दिवसा झोपू नये, त्याने कफ वाढतो, वसंतात तर मुळीच झोपू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. (आपली व्याख्यानमाला वसंतात असून संध्याकाळी ठेवली आहे, यात चालकांचा हाच हेतू असावा.) पण या नियमाला वाग्भटाने अपवाद सांगितले आहेत. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून दिवसाची झोप हितकर. आणि पुढे कोणाकोणाला दिवसा झोपण्याची मुभा आहे त्यांची यादी दिली आहे, त्यात वाट चालून थकलेला आहे, शोक झालेला आहे, आणि ओझे वाहून थकलेलाही आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हमालाच्या दुपारच्या झोपेचा परवाना! तिथेच आणखी एक हिशेब दिला आहे: सवय नसता रात्री जागरण घडले, तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवण्यापूर्वी, झोपून काढावा. रात्रपाळीचा पहारेकरी आणि एसटीचा चालक यांनी हा हिशेब पाठ करण्यासारखा आहे.

व्यायामाविषयीही तसेच. तो अर्ध्या शक्तीने करावा, आणि तोही थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. बलवान माणसासाठीदेखील हेच माप. आपल्याकडचा वैशाख म्हणजे पंचांगात वसंत असला तरी अंगाला भर ग्रीष्म. पारा बेचाळीसच्या वर आणि पाठीवर गोणी. एके काळी ही गोणी शंभर किलोची असे. आता पुष्कळ माल पन्नास किलोत येतो. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचविली ती १९६७ साली. अर्ध्या शक्तीचा नियम त्यांनी वाग्भटाकडून घेतला नसेल. पण माणसाचा कणा दोन्हीकडे तोच आहे.

पण या ग्रंथातला सर्वांत मोलाचा भाग मला चौथ्या अध्यायात सापडला. शरीराचे तेरा वेग सांगितले आहेत, जे अडवू नयेत. मल, मूत्र, शिंक, खोकला, जांभई, ओकारी, आसवे यांच्याबरोबरीने त्यांत तहान आहे, भूक आहे, झोप आहे, आणि श्रमाने लागलेली धापही आहे. धाप दाबली तर हृदयाचा विकार होतो, उपाय विश्रांती. तहान मारली तर अंग गळते, भोवळ येते. लघवी अडवली तर अंग मोडून येते, ओटीपोट दुखते, मुतखडा होतो. आजचे डॉक्टरही पाणी कमी पडले की मुतखड्याची भीती दाखवतात. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत, उसाच्या फडातल्या तरुण मजुरांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. भर उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तिथे उपाय म्हणून आखणी झाली ती तीन गोष्टींची: पाणी, विश्रांती, सावली.

उसाचा फड म्हटला की आपल्याला दूर जायला नको. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दरवर्षी कोयते बाहेर पडतात. फडात बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. का, तर आडोसा नाही. म्हणजे एक वेग अडवता यावा म्हणून ती दुसराही अडवते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. या बायांना दिनचर्येवर प्रवचन देणाऱ्याने आधी फडाच्या कडेला चार बांबू आणि एक तरट लावून यावे.

चरकाने दुसरी बाजूही सांगितली आहे. काही वेग अडवायचे असतात: लोभ, क्रोध, मत्सर. शरीराचे वेग मोकळे सोडा आणि मनाचे आवरा, असा तो हिशेब आहे. बाजारात मात्र तो उलटा चालतो. लोभाला कोणी अडवीत नाही, लघवीला मात्र अडवतात!

म्हणून मी म्हणतो की कामगार चळवळीने आयुर्वेद न वाचताच त्याचे पुष्कळ काम केले आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला, त्यात आठवड्याची सुटी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याचे पाणी, संडास आणि मुताऱ्या यांची कलमे आली. कलमे रुक्ष असतात. पण तेरापैकी निदान चार-पाच वेगांची सोय त्यांत आहे. आणि पुण्याचे डॉ. बाबा आढाव तर आयुर्वेदाचेच पदवीधर होते. दवाखाना चालविणारा हा माणूस हमालांच्या संघटनेत पडला, आणि त्यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ताजे, गरम आणि परवडणारे अन्न! वैद्याने लिहून द्यावे असे याहून चांगले औषध मला ठाऊक नाही.

मग स्वतः माणसाने काहीच करू नये का? पुष्कळ करावे. सगळ्या अंगाला तेल लावणे जमत नसेल तर डोके, कान आणि तळपाय यांना तरी लावावे. या जागी ते विशेषेकरून लावावे, असे वाग्भटानेच सांगितले आहे. रात्री दोन चमचे तिळाचे तेल कोणालाही परवडेल. ज्वारीची भाकरी, ताक, उन्हाळ्यात आंबील, हे आपल्या घरचेच आहे. ते सोडून पुडीतले तळण खाण्याची गरज नाही. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि तो कोठे मिळतो हे इथल्या पोरालाही माहीत आहे. भूक मारण्यासाठी तो खाल्ला जातो, आणि भूकही त्या तेरांतलीच. शिवाय खोकला पंधरा दिवस राहिला, साप चावला, छातीत कळ आली, तर सरळ सरकारी दवाखाना गाठावा. तिथे मी वाग्भटाचेही ऐकणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मोंढ्यात दुकाने आहेत, म्हणून शेवटी मागणे मांडतो. सावलीत पाण्याचे रांजण, आणि ते रोज धुतलेले. धान्य चाळणाऱ्या बायांसाठी आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास. वैशाख-ज्येष्ठात दुपारी एक ते तीन चढउतार बंद. आणि त्या वेळी एखादा हमाल पोत्यावर पाठ टेकून निजलेला दिसला, तर त्याला हाक मारू नका. गाडी चार वाजता रिकामी होईल.